रावसाहेबांचे गुडघे आणि तेजस्विनीची सायकल

मिरजेच्या सायकल मेळाव्यात दोनच रांगा होत्या, एक जुन्या सायकलींची आणि दुसरी नव्यांची. तेजस्विनी मगदूमनं वर्षभर खपून स्वतःच्या हातानं घडवलेली पहिलीवहिली सायकल तिथं आणली. पोलादी सांगाडा पणजोबांच्या काळातल्या घाटाचा, सीट कातड्याची, घंटी पितळेची. गिअर आणि डिस्क ब्रेक मात्र अगदी आजचे.

परीक्षक होते रावसाहेब पाटणकर. त्यांच्याकडे जुन्या सायकलींचा मोठा संग्रह होता आणि स्वतःच्या मतावर त्याहून मोठा विश्वास.

"हे काय कडबोळं?" ते सगळ्यांदेखत म्हणाले. "पोरी, ही धड जुनी नाही, धड नवी नाही. हे नवे भाग काढ, नाहीतर सायकल मैदानाबाहेर ने."

तेजस्विनीला काहीतरी सुचलं आणि हसू आवरेना.

"रावसाहेब, गेल्या साली आपण दोन्ही गुडघे नवे बसवून घेतलेत ना?"

"घेतले. त्याचं इथं काय?"

"मग आपलं घराणं नवं झालं का?"

"भलतंच. पेशवाईपासूनचं घराणं आहे आमचं."

"तेच म्हणते मी. घराणं जुनंच राहिलं, फक्त झोकात चालायला लागलं. माझ्या सायकलीचंही तेवढंच झालंय."

मैदानभर हशा पिकला. रावसाहेबांनी हसू मिशीत दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच.

"आण इकडं," म्हणत त्यांनी सायकलवर टांग टाकली आणि घंटी वाजवत मैदानाला फेरी मारली. मग दोन्ही रांगांच्या पुढं, बरोबर मधोमध थांबून म्हणाले, "हिची जागा इथं."

आणि खाली न उतरताच दुसऱ्या फेरीला निघाले.