सायाळ आणि शाळा सोडून गेलेला वानर

सागाच्या एका दाट रानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका सायाळीचे बीळ होते. मुलांनो, सायाळ म्हणजे तीच, जिच्या अंगावर काळेपांढरे लांब काटे असतात. ती दिवसभर बिळात झोपते आणि अंधार पडला की कंदमुळे उकरायला बाहेर निघते. या सायाळीचा दिनक्रम मात्र पार बिघडून गेला होता, आणि तो बिघडवला होता ढोलीफळाने.

ढोलीफळ हा त्या मुलखातल्या वनशाळांचा खेळ. मैदानाच्या दोन टोकांना दोन जुनी झाडे, प्रत्येकाच्या खोडात उंचावर एक ढोली. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू. वाळलेले टणक कवठ फेकून समोरच्यांच्या ढोलीत टाकायचे. जो संघ जास्त वेळा टाकेल तो जिंकला. खेळ एवढासाच, पण त्यापायी अख्खे रान खुळावले होते. सामन्याच्या दिवशी हरणांना चरण्याची शुद्ध नसे. जिंकले की सगळे छाती फुगवून म्हणत, "आपण जिंकलो." हरले की म्हणत, "पोरं हरली." सायाळ मात्र दोन्ही वेळा "आपण" म्हणणारी होती. डोळ्यांवरची झोप आवरत ती भर उन्हात मैदानाच्या कडेला एका ठरलेल्या दगडाशी येऊन बसे. तिच्या काट्यांच्या भीतीने तिच्याजवळ कोणी टेकत नसे. आपल्याला त्याची सवय झाली आहे, असे ती स्वतःला सांगत असे. मुलांनो, अशा गोष्टीची सवय कोणालाच होत नसते.

मग एके वर्षी शाळेत एक वानर आला. कोवळ्या वयाचा, लांब हातांचा, बोलायला कमी. त्याने कवठ हातात घेतले की सगळे मैदान श्वास रोखून बसे. त्याचा नेम पाहून सायाळीची झोप जी उडाली ती पुन्हा आलीच नाही. कोणत्या सामन्यात त्याने कुठून कवठ फेकले, वारा कुठला होता, कवठ ढोलीच्या काठाला लागून आत गेले की सरळ पडले, हे सारे तिला तोंडपाठ होते.

आणि नवल म्हणजे सामना संपून गर्दी पांगली की तो वानर तिच्या दगडाशी येई, काट्यांपासून हातभर अंतर सोडून बसे आणि विचारी, "मावशी, आजचा नेम कसा वाटला?" मग सायाळीला कोण आनंद होई. पहिल्या फेकीपासून शेवटच्या फेकीपर्यंत ती सगळे सांगत सुटे. सांगून संपले तरी तो लगेच उठत नसे, ओढ्याकडे बघत बसून राही. केवढी याला खेळाची गोडी, असे वाटून सायाळ पुन्हा पहिल्या फेकीपासून सुरू करी. अशी तीन वर्षे गेली.

त्या शाळेची एक रीत होती. चौथ्या वर्षी शिक्षण पुरे होई, आणि निरोपाच्या सामन्यानंतर प्रत्येक खेळाडू बघ्यांमधल्या एकाला आपल्या मनाने निवडून मैदानात नेई आणि सगळ्या रानासमोर त्याच्या शेजारी उभा राही. वानर कोणाला निवडणार, हे सायाळीने कधी कोणाला विचारले नाही. पण बिळात एकटी असताना ती आपले काटे अंगाशी चापून बसवायचा सराव करू लागली होती. शेजारी उभे राहणाऱ्याला एकही काटा लागता कामा नये, एवढीच तिची इच्छा होती.

तिसरे वर्ष सरत आले आणि रानातल्या वडीलधाऱ्यांच्या सभेने नवा नियम केला. सभेची मुख्य होती एक म्हातारी हत्तीण. सामने बघायला दूरदूरहून जनावरे येतात, येताना शाळेला मध आणि फळे देतात. तो मध चाटून शाळेचे शिक्षक, म्हणजे अस्वल, गलेलठ्ठ झाले होते. खेळणाऱ्यांच्या वाट्याला मात्र फक्त टाळ्या. हे बरे नाही, असे हत्तिणीचे म्हणणे पडले. म्हणून यापुढे खेळाडूंनी आपला वाटा घ्यावा, आणि दर वर्षाच्या शेवटी वाटल्यास दुसऱ्या शाळेतही जावे.

झाले! त्या दिवसापासून पाणवठ्यावर पाणी कमी आणि वाद जास्त. रानडुकराचे म्हणणे, आमच्या वेळी पोरे मातीसाठी खेळत, फळांची नावे काढणाऱ्याला आम्ही चिखलात लोळवला असता. रानडुक्कर स्वतः कधी ढोलीफळ खेळला नव्हता, पण ते सांगायची कोणाची छाती नव्हती. कावळा रोज नवी बातमी आणी. खालच्या खोऱ्यातल्या शाळेकडे जांभळांची बनेच्या बने आहेत, त्यांनी एका चित्त्याला फितवला, एका सांबराशी बोलणे चालू आहे. खार तेवढी चिवचिवत म्हणे की अस्वलाने मध चाटला तेव्हा कोणाच्या पोटात दुखले नाही, मग पोरांनी दोन फळे घेतली तर का दुखावे? तिचा आवाज बारीक असल्याने तो सोयीस्करपणे कोणाला ऐकू येत नसे.

सायाळ या वादात फारशी पडत नसे. पण एका संध्याकाळी कावळ्याने वानराचेही नाव घेतले आणि ती काटे फुलवून उभी राहिली. "तो जाणार नाही," ती म्हणाली. "त्याला या मैदानाची माया आहे. माया असली की फळं लागत नाहीत." मग जो वाद पेटला तो सूर्य बुडेपर्यंत विझला नाही. वानराची योग्यता किती जांभळांची, किती आंब्यांची, यावर सगळे घसा फोडून बोलले. सायाळ त्याच्या बाजूने एकटी भांडली आणि मोठ्या समाधानाने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळले की वानर खालच्या खोऱ्यात निघून गेला. खार तिला हळूच म्हणाली, "काल संध्याकाळी तो तुमच्या दगडाशी बसला होता. बराच वेळ वाट बघितली त्याने." सायाळ त्या वेळी पाणवठ्यावर होती, तो जाणार नाही हे सगळ्यांना पटवून देत.

ते चौथे वर्ष सायाळीला फार जड गेले. सामने होत, नवे खेळाडू कवठे फेकत, ती दगडाशी बसून राही आणि सामना संपल्यावरही उठत नसे. हातभर अंतरावरची ती जागा तिला आता फार मोठी वाटे. रागाच्या भरात ती त्याला कृतघ्न म्हणे. कावळा खालच्या खोऱ्यातल्या गोष्टी सांगू लागला की ती तोंड फिरवी, पण कान तिकडेच असत. तो जिंकला असे ऐकले की तिला आनंद होई आणि लगेच त्या आनंदाचा राग येई. त्याने एकदा, फक्त एकदा, येऊन नेम कसा वाटला असे विचारावे, यापलीकडे तिला काही नको होते.

वर्षाच्या अखेरीस खालच्या खोऱ्याचा संघ खेळायला वर आला. रानडुकराने आधीच सगळ्यांना बजावून ठेवले होते: वानराच्या हातात कवठ आले की अख्ख्या रानाने त्याच्याकडे पाठ फिरवायची. बघे नसतील तर कसला खेळाडू, हे त्याला कळू दे. सायाळीनेही मान डोलावली. सगळ्या रानात तिच्या पाठीइतकी बोचरी पाठ दुसरी कोणाची होती?

सामना सुरू झाला. वानराने कवठ घेतले आणि एकजात सगळे मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. सायाळीनेही काटे ताठ करून पाठ फिरवली. मागून कवठ ढोलीत पडल्याचा आवाज आला. सरळ पडले, काठाला न लागता. तेवढे तिने आवाजावरून ओळखले. दुसरा आवाज आला, तिसरा आला. तीन वर्षांत जिने त्याची एक फेक चुकवली नव्हती, ती आता समोरच्या बाभळीच्या खोडाकडे डोळे लावून उभी होती, आणि बाभळ तिला धुरकट दिसू लागली होती. हाकेच्या अंतरावर आपले माणूस आहे आणि आपणच त्याला बघायचे नाही, हे कोणते शहाणपण, असे तिच्या मनात आले. शेवटची फेक उरली तेव्हा तिच्याने राहवेना. ती वळली. सगळ्या रानात ती एकटी वळली. वानराने तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि कवठ फेकले. खालचा संघ जिंकला.

गर्दी शिव्या देत पांगली. रानडुक्कर सायाळीकडे न बघता गेला. ती दगडाशी बसली होती. थोड्या वेळाने हातभर अंतरावर कोणीतरी येऊन बसले.

"मावशी, नेम कसा वाटला?"

"शेवटचाच पाहिला," सायाळ म्हणाली. "डावा पाय जरा मागे राहिला तुझा." वानर हसला. मग मात्र तिला धीर धरवेना. वर्षभर गिळलेले तिने एकदाचे ओठांवर आणले. "आमच्याकडे काय कमी होतं रे? तिकडे असं काय आहे?"

वानराने खाली पाहिले. "तिकडे सराव संपला की खायला देतात, मावशी. इथे दिवसभर सराव असायचा. सुटेपर्यंत सगळी झाडं ओरबाडून झालेली असायची. आई फांदीवरून पडली, तेव्हापासून तिला चढता येत नाही. तिच्यासाठीही मलाच न्यावं लागायचं. तिकडे दोघांपुरतं मिळतं. बाकी काही नाही."

सायाळीच्या अंगावरचे सगळे काटे एकदम आडवे झाले. बिळात तिच्याकडे कंदांचा ढीग पडलेला असे, इतका की निम्मे कुजून जात. "मग बोलला का नाहीस?" ती कसेबसे म्हणाली.

"नेमाचं विचारलं की तुम्ही बसवून घ्यायचात. बरं वाटायचं," वानर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "दुसरं काही कसं काढावं, ते मला जमलं नाही. आणि दुसरं काही कोणी विचारलंही नाही."

ओढ्यापलीकडून त्याचे सोबती त्याला हाका मारू लागले. तो उठला.

"थांब," सायाळ म्हणाली. "जेवलास का?"

"हो मावशी," वानर म्हणाला. "आज जेवून आलोय."

तो गेला. त्याची आई आता बरी आहे का, तिला काय आवडते, ती कुठल्या झाडाखाली बसून त्याची वाट बघते, असे कितीतरी विचारायचे सायाळीच्या मनात आले. पण तोवर तो ओढा ओलांडून गेला होता. पाणवठ्यावर रानडुक्कर आणि कावळा अजून त्याची किंमत करत होते. सायाळ त्या वाटेने गेलीच नाही.

तात्पर्य : ज्याच्या कर्तबगारीवर आपण जीव टाकतो, त्याच्या भुकेची चौकशीही आपणच करावी. नुसत्या कौतुकाने कोणी आपला होत नाही, आणि तो निघून गेल्यावर केलेल्या चौकशीची गरज त्याला उरलेली नसते, ती आपल्यालाच असते.