मुजावर मिस्त्रींची उत्तरपत्रिका

लेथवर पोलाद कापतानाचा तो बारीक, सलग सूर चाळीस वर्षांपूर्वी ऐकला. अजून त्याची ओढ लागते. कोल्हापूरजवळच्या आमच्या कारखान्यात मुजावर मिस्त्री नव्या माणसाला पहिले आठ दिवस मशीनला हात लावू देत नसत. म्हणत, "डोळे मिट आणि ऐक. हत्यार बोथट व्हायला लागलं की आवाज आधी सांगतो." मीही तसाच उभा राहिलो होतो.

मग कामगारांच्या प्रशिक्षणासाठी दाभोळकर साहेब आले.

"मिस्त्री, माणसांना उभ्यानं झोपायला शिकवता काय? सोमवारी लेखी परीक्षा द्या. नापास झालात, तर शिकवणं बंद."

मिस्त्रींना लिहिता येत नव्हतं, आणि शिकवण्यावाचून त्यांना करमत नव्हतं. सोमवारी त्यांनी कोरा कागद परत दिला.

साहेब हसले. "उत्तरं कुठायत?"

"आधी सांगा, पेपर कुणी काढला?"

"या इंगवले इंजिनिअरांनी."

"मग माझी उत्तरपत्रिका तुमच्या शेजारीच उभी आहे, साहेब. तपासा आणि मार्क द्या."

इंगवले मान खाली घालून म्हणाले, "सर, मीसुद्धा आठ दिवस डोळे मिटून यांच्याच लेथपाशी उभा होतो."

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. शिकवणं चालू राहिलं.

निवृत्तीच्या दिवशी मिस्त्री माझ्या लेथपाशी येऊन डोळे मिटून उभे राहिले. मी विचारलं, "मिस्त्री, बरोबर चाललंय न्हवं?"

त्यांनी बराच वेळ ऐकलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते फाटकाकडे चालू लागले.