पान्ह्याचा उपदेश

मोटारी मोजक्या आणि रस्ते धुळीचे होते, त्या काळी दुमडत्या कापडी छताची एक जुनी मोटार होती. ती धावू लागली की खडखडाट होई आणि छताच्या फटीतून वारा शीळ घाली. तिच्या मालकीणबाई वत्सलाबाई एके सकाळी म्हणाल्या, “आज हिचा आवाज थांबला, तर भाचीची वरात हिच्यातूनच काढीन, नाही तर हिला भंगारात देईन.”

हे ऐकून मोटारीचे सारे भाग घाबरले. बैठकीखाली पडलेला पान्हा मात्र गरजला, “दारा, तुझी बिजागरी सैल आहे. छता, तुझ्या कडेचे रबर झिजले आहे. शिस्त म्हणून कुणाला नाही.”

“खरे आहे, गुरुजी,” दार खालमानेने म्हणाले.

वत्सलाबाईंनी बिजागरीचे स्क्रू आवळले, छताला नवे रबर लावले आणि मोटार बाहेर काढली. वाऱ्याला फट सापडेना. तो मुकाट्याने बाहेरूनच गेला. त्या शांततेत एकच आवाज उरला: खडखड, खडखड.

“गुरुजी,” दार अदबीने म्हणाले, “आता आपणही जरा स्थिर बसावे.”

वत्सलाबाईंनी बैठकीखाली हात घातला आणि पान्हा बाहेर काढला. “तुला घरभर शोधले, आणि तू इथे ताशा वाजवतोस होय?” त्या हसल्या आणि त्यांनी त्याला हत्यारांच्या पिशवीत घातले.

संध्याकाळी छत उघडून वरात निघाली. सनईचा प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू येत होता. केवळ पिशवीतून कुणीतरी पुटपुटत होते, “ही पिशवी जरा सैलच शिवली आहे.”