भिंतीवरच्या माशीचं फूल

एक होती भिंत. गेरूची, लाल लाल. लाडकीमावशीनं तिच्यावर तांदळाच्या पिठानं रानफुलं काढली. तेरडा काढला, त्यावर फुलपाखरू. सोनकी काढली, तिच्यावर मधमाशी. इवलीशी! फूल पांढरं, माशीही पांढरी.

मग आली शेळी. पीठ दिसल्यावर शेळीला राहवतंय होय? लप लप लप! सोनकी गट्टम!

माशीनं खाली बघितलं. फूल नाही! इकडे? नाही! तिकडे? नाही!

"अगंबाई! आता मी बसू कुठे?"

माशी भिंतीवरून उडाली. भुंग भुंग भुंग.

"मावशी, मावशी, फूल काढ. मी बसू कुठे?"

"पीठ संपलं गं बाई. जातं पीठ दळेल, तर काढीन."

माशी गेली जात्याकडे. भुंग भुंग भुंग.

"जात्या, जात्या, पीठ दळ. मावशी फूल काढेना, मी बसू कुठे?"

"हातात धरायचा खुंटा हलतोय माझा, खुडुक खुडुक. सुतारआजोबा ठोकतील, तर दळीन."

माशी गेली आजोबांकडे. भुंग भुंग भुंग.

"आजोबा, आजोबा, खुंटा ठोका. जातं पीठ दळेना, मावशी फूल काढेना, मी बसू कुठे?"

"पोटात कावळे ओरडतायत गं. आजी भाजी रांधेल, तर ठोकीन."

कावळे? पोटात? माशीनं आजोबांच्या पोटाला कान लावला. काव नाही की काही नाही! काही कळेना बाई.

माशी गेली आजीकडे. भुंग भुंग भुंग.

"आजी, आजी, भाजी रांध. आजोबा खुंटा ठोकेनात, जातं पीठ दळेना, मावशी फूल काढेना, मी बसू कुठे?"

"भाजी कशाची, दगडाची? वेल भोपळा देईल, तर रांधीन."

माशी गेली वेलीकडे. भुंग... भुंग... दमली बिचारी.

"वेली, वेली, भोपळा दे. आजी भाजी रांधेना, आजोबा खुंटा ठोकेनात, जातं पीठ दळेना, मावशी फूल काढेना, मी बसू कुठे?"

"फुलंच फुलं माझ्याकडे, भोपळा एक नाही! माशी फुलाफुलांवर बसेल, तर देईन."

"माशी? कुठली माशी?"

माशीनं मागे बघितलं. पुढे बघितलं. कुणीच नाही!

"अगं खुळे, तूच की!"

"मी? मी तर भिंतीवरची!"

"पंख आहेत ना? पाय आहेत ना? मग बस की!"

माशी भीत भीत बसली. या फुलावर. त्या फुलावर. मऊ मऊ! पाय झाले पिवळेधमक. भोपळा धरला. फुगला. टम्म!

वेलीनं भोपळा दिला. आजीनं भाजी रांधली, चर्र चर्र. आजोबांनी खुंटा ठोकला, ठक ठक. जात्यानं पीठ दळलं, घर्र घर्र. मावशीनं फूल काढलं, पांढरंशुभ्र.

माशी बसली. टुप्प! हुश्श!

मावशी बघते तर काय!

"अगंबाई! काढलं पांढरं, मग झालं कसं पिवळं?"

तिनं डोळे चोळले. पुन्हा बघितलं. पिवळंच!

माशी बसली ती बसलीच.

माशी बसली फुलावर, तू बस माझ्या मांडीवर!