सातव्या गाठीखालचं पाणी

एका राज्यात, जिथला राजा स्वतःला शहाणा समजे आणि प्रजेला ते मुकाट्यानं मानावं लागे, एक दगडी नगर होतं. नगरात अकरा विहिरी आणि प्रत्येकीला एक राखणदार. राखणदार सात गाठींचा दोर विहिरीत सोडी. सातव्या गाठीपर्यंतचं पाणी माणसांचं, त्याखालचं भुईचं. त्याखाली जो उतरेल तो दगड होईल, असा भुईचा शाप होता.

मग कपिलाक्ष नावाचा मांत्रिक आला. त्यानं राजाला लोखंडी नाग दिला. नाग तीनशे हात खाली शिरे आणि पाणी शोषून वर फेकी. लोखंडाला शाप कसला बाधणार? राजवाड्यात कारंजी नाचू लागली. सरदारांनीही नाग घेतले. एकाचा दोनशे हातांचा, तर शेजाऱ्याला अडीचशेचा हवा. चिखल नको म्हणून राजानं अख्ख्या नगराला फरशी ठोकली. पाऊस फरशीवरून घसरे आणि वेशीबाहेर निघून जाई, भुईच्या तोंडी थेंब पडेना. याला राजा सुधारणा म्हणे.

अकराही विहिरी आटल्या. खालच्या आळीच्या विहिरीची राखणदार भिवरा दोर सोडी, तो कोरडाच वर येई. आळीतली पोरं तहानेनं रडू लागली, तेव्हा तिचा नवरा राणोजी गाळ उपसायला सातव्या गाठीच्याही खाली उतरला आणि हातातल्या पाटीसकट दगड झाला.

भिवराला रडू आलं नाही, संताप आला. पाणी प्यायला राजा आणि दगड झाला गाळ उपसणारा. हा कुठला न्याय?

विहिरीच्या कपारीतला पारवा म्हणाला, "बाई, शाप माणूस पाहत नाही, जागा पाहतो."

"मग तो उतरायचा कसा?"

"तीन कामं आहेत. राजाचा नाग उपट. राजमार्गाची फरशी उखड. आणि ज्यानं मर्यादा मोडली, त्याच्याच हातून या विहिरीतला गाळ वर आण."

भिवरा दोर घेऊन तडक राजवाड्यात गेली. पहारेकऱ्यांनी तिला अडवलं नाही. त्यांच्याही घरी घागरी रिकाम्याच होत्या. तिनं नागाच्या गळ्यात दोर टाकला आणि ओढ काढली. तीनशे हातांचा नाग फुत्कारत बाहेर आला. कपिलाक्ष मंत्र म्हणत धावला, तर तहानलेल्या नागानं त्यालाच शोषून घेतलं. मागं नुसता झगा उरला. ते पाहून सरदारांनी आपापले नाग स्वतःच उपटले.

दुसऱ्या दिवशी आळीतली माणसं पहारी घेऊन आली. राजमार्ग उखडला. कारंज्याच्या हौदातलं पाणी मोकळ्या मातीवर ओतलं आणि भुईनं ते एका घोटात संपवलं.

उरला राजा.

"मी खाली उतरलो तर दगड होईन," राजा म्हणाला.

"व्हाल कदाचित. माझा नवरा झाला, तेव्हा आपण कारंजं पाहत होतात."

"माझ्याऐवजी प्रधान उतरेल."

"कारंजं प्रधानाचं नव्हतं, महाराज."

राजानं भालदारांकडे पाहिलं. एकही पुढं आला नाही. तेव्हा तो भिवराच्या विहिरीत उतरला. पहिली पाटी वर गेली, त्याचे पाय गुडघ्यापर्यंत दगडाचे झाले. दुसरी गेली, कमरेपर्यंत झाले. तो गयावया करू लागला. भिवरानं रिकामी पाटी पुन्हा खाली सोडली.

तिसऱ्या पाटीतला गाळ ओला होता. तळाशी झरा फुटला, पाणी राजाच्या गुडघ्यांना लागलं आणि दगड विरघळला. शेजारी राणोजीनं श्वास घेतला. चिखलानं माखलेला अनोळखी माणूस पाहून तो बुचकळ्यात पडला.

"अगं, हा कोण?" त्यानं वर हाक मारली.

"नवा गडी आहे," भिवरा वरून म्हणाली. "तुम्ही या वर. त्याच्या अजून दहा विहिरी राहिल्यात."

आणि उरलेल्या दहाही विहिरींना पाणी लागेपर्यंत त्या राज्यात राजाला कुणी सिंहासनावर बसू दिलं नाही.