राजाची मधुतुला आणि मुकी मडकी

सांगायचे म्हणजे डोक्याला ताप. थंडीत गुडघे धड बसू देत नाहीत, आणि तुम्हाला राजा पाहिजे, जादूगार पाहिजे, बोलणारा पक्षी पाहिजे. सांगतो, पण एकदाच. मध्येच कोणी ‘मग काय झाले’ विचारले, तर उठून जाईन. काय झाले तेच तर सांगायला बसवले आहे ना?

एका राज्यात सहा महिने हिवाळा असे. हिवाळाही असा, की विहिरीत सोडलेला पोहरा वर येईतो पाण्याचा दगड होई. तिथे वज्रकेतू नावाचा राजा होता. त्याच्या मूळपुरुषाला डोंगरातल्या चेटकिणीने मधमाश्यांची शंभर मडकी दिली होती आणि बजावले होते की, यांतले एक जरी गुणगुणत राहिले, तरी हिवाळा सरेल. शंभरही मुकी झाली, की तो कायमचा वस्तीला येईल. मडकी सांभाळायला एक मधपाळ असे. त्या पिढीत ते काम गोमाजीकडे होते. माणूस साठीचा, तोंडाचा फटकळ, हाताचा हळुवार.

राजघराण्याची एक रीत होती. हिवाळा तोंडावर आला की राजाची मधुतुला व्हायची. एका पारड्यात राजा, दुसऱ्यात मध. तो मध रांजणांत भरून, लाख लावून तळघरात ठेवत. खात कोणी नसे. राजाच्या हातावाचून कोणी लाख फोडली, तर त्याचे मेण होई. तीन चोरांचे झाले होते. ते दारापाशी उभे असत. शिपाई त्यांना पागोटी अडकवत.

जुने राजे काटकुळे, म्हणून माश्यांना उरत असे. वज्रकेतू मात्र दरसाल फुगत गेला आणि मडक्यांत थेंब राहीना. मग मुदपाकखान्यातून साखरेचा पाक येई. गोमाजी तो मडक्यांत ओती आणि मडके उचलून पाही. हाताला जड लागले, की निश्चिंत. त्याचा बापही असेच पाही.

एका वसंतात राजाला हौस आली की, सज्जातून नजर टाकू तिकडे सोने दिसावे. दरबारी जादूगाराने काठी फिरवली. करडई, तीळ, धने, शेवगा, जांभूळ, बांधावरची नाव नसलेली फुले, सगळी गेली. क्षितिजापर्यंत एकच पिवळे सोनफूल डोलू लागले. राजाने जादूगाराला शालजोडी दिली.

हिवाळ्याच्या चाळिसाव्या दिवशी गोमाजीने पहिल्या मडक्याला कान लावला. आवाज नाही. उचलले. जड. झाकण काढले, आणि त्याचा हात हवेतच राहिला. पोळ्यात पाक काठोकाठ होता आणि तळाशी माश्यांचा वीतभर थर पडला होता. त्याने दुसरे उघडले. तेच. दहावे, विसावे, पन्नासावे. तेच. उपाशी मेलेली जनावरे त्याने पाहिली होती. भरल्या ताटावर उपाशी मेलेले कोणी पाहिले नव्हते. सत्त्याण्णव मडकी मुकी होती. तीन गुणगुणत होती, तीही दुखणेकऱ्याने कण्हावे तशी.

दरबारात तो ही वार्ता सांगू लागला. जादूगाराने त्याला पुरते बोलूही दिले नाही. सगळ्यांदेखत म्हणाला की, हा मधचोर आहे, याने मध लांबवला आणि पाकात विष कालवले.

राजा म्हणाला, “शेवटचे मडके मुके होईल, त्या दिवशी तुझे मुंडके तटावर लागेल.”

गोमाजी परतला, तर वाळक्या फांदीवर वेडा राघू बसलेला. हिरवा, लांब चोचीचा, जन्माचा माशीखाऊ. गोमाजीने दगड उचलला.

“दगड ठेव,” राघू म्हणाला. “मी खातो, पण माझ्या खाण्याने मडके मुके होत नाही. पूर्वी या दिवसांत एक माशी गिळली की चोचीला लोणी लागे. ते अंगातले लोणी जाळूनच ती हिवाळा काढते. यंदा दहा गिळल्या. नुसती टरफले.”

“पाक पोटभर होता,” गोमाजी म्हणाला.

“पाकाने चूल पेटते, अंग भरत नाही. अंग भरते परागाने, आणि तोही नाना फुलांचा लागतो. त्यांनी वर्षभर एकाच फुलाचे निकस पीठ खाल्ले, वर साखरपाणी. ते ओतले कोणी?”

गोमाजीने आपल्या हातांकडे पाहिले. मग खालीच बसला. विष नव्हते हे खरे. पण हात त्याचेच होते.

राघूने तीन कामे सांगितली. राक्षसकड्यावरच्या रानपोळ्यातून सात रंगांचा पराग आणायचा. राजाच्या हातून तळघरातला मध सोडवायचा. आणि जादूगाराकडून सोनफुलाची भूल उतरवून घ्यायची.

कड्यावर दगडाचा राक्षस राखणीला होता. त्याने किती पाहिजे विचारले. गोमाजी म्हणाला, “तीन मडक्यांपुरता.” राक्षस म्हणाला, तुझ्या राजाचा दूत आला होता, त्याने सगळा मागितला, तो बघ तिकडे. तिकडे एक माणसाएवढा धोंडा होता. गोमाजीने ओंजळभर पराग घेतला आणि मागे न बघता उतरला. घरी आला, तर एक मडके मुके झालेले.

तो तसाच राजापुढे गेला. म्हणाला, “महाराज, माश्यांना मधाऐवजी पाक पाठवता. तीन दिवस सोनफुलाच्या पिठाची भाकरी आणि पाक, एवढेच खा. धडधाकट राहिलात, तर तिसऱ्या दिवशीच मुंडके घ्या.”

राजाला गंमत वाटली. पहिल्या दिवशी त्याने बोटे चाटली. दुसऱ्या दिवशी ताट सरकवले, पुन्हा ओढले. तिसऱ्या दिवशी सिंहासनाची तिसरी पायरी त्याला चढवेना. एवढा मोठा राजा पायरीवर बसून राहिला, आणि दरबार बघत राहिला.

“पोट तर भरले आहे,” राजा हळू म्हणाला. “मग हे काय होते आहे?”

“मडक्यांत हेच झाले,” गोमाजी म्हणाला. “ती चाळीस दिवस टिकली.”

राजाला धरून तळघरात नेले. त्याने स्वतःच्या हाताने लाख फोडली. मेणाचे तीन चोर शिंकले, माणसे झाले आणि आधी पागोटी काढून फेकली. गोमाजी मध घेऊन पळत गेला. आता एकच मडके उरले होते. ते इतके हळू गुणगुणत होते, की ते आहे की आपल्याच कानात आहे, हे त्याला कळेना. त्याने आपले कांबळे मडक्याला गुंडाळले, पोळ्याशी मध ठेवला, मधात मळलेला पराग ठेवला आणि कान लावून बसला. दुसऱ्या दिवशी गुणगुण मुठीएवढी झाली. तिसऱ्या दिवशी मडकेभर.

उरली भूल. ती उतरायला काठी जमिनीवर ठेवून तीनदा ‘चुकलो’ म्हणायचे असते: मातीला, माशीला आणि ज्याच्यावर आळ घेतला त्या माणसाला. राजाने डोळे वटारले, तेव्हा जादूगाराने काठी ठेवली. मातीला म्हणाला. माशीला म्हणाला. तिसऱ्या वेळी गोमाजी समोर उभा असताना त्याने तोंड फिरवले आणि राजाला म्हणाला. राजा आधीच गोमाजीपाशी चुकलो म्हणून मोकळा झाला होता. पण याची मान वळली नाही.

भूल उतरली, जवळजवळ सगळी. हिवाळा त्याच्या ठरल्या दिवशी गेला. शेतांत करडई आली, तीळ आला, बांधावर नाव नसलेली फुले आली. एका मडक्याची दोन झाली, दोनांची पाच. मधुतुला बंद झाली. राजाची तुला आता बियाण्याने होते, नाना फुलांच्या, आणि ते बी राज्यभर उधळतात. माश्यांचा मध माश्यांना ठेवून उरेल तोच काढतात, आणि गोमाजी मडके नुसते उचलून पाहत नाही, उघडून पाहतो.

फक्त गोमाजीच्या खोपटापुढे, हात दोन हात जागेत, अजून सोनफूलच उगवते. उपटले तरी उगवते. माश्या त्याला वळसा घालून जातात. तीन शब्दांतला एक शब्द बाकी आहे, म्हणून ते उगवते. आणि तो शब्द ज्याच्याकडे बाकी आहे, त्या जादूगाराचे नाव त्र्यंबकशास्त्री काळभूल.