बूट काढून ट्रायल

“...पंप खोलला, नोझल नवे टाकले, हवेचा फिल्टर बदलला, सायलेन्सरसुद्धा मोठा केला. आता तुम्हीच सांगा उस्ताद, या गाडीत करायचं राहिलंय काय?”

धैर्यशील इंगवले विचारत होता खरा, पण त्याची विचारायची तऱ्हा अशी होती, की या प्रश्नाला उत्तर असूच शकत नाही. असतं तर ते त्यालाच सापडलं नसतं का?

दस्तगीर उस्ताद टायरवर बसून बशीतला चहा फुंकत होते. घाटाच्या पायथ्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज. बोर्ड नाही, फोन नंबर नाही. चाळीस वर्षांत कुणाला पत्ता विचारावा लागला नव्हता.

याच पत्र्याखाली धैर्यशील नऊ वर्षं शिकला. मग तालुक्याला जाऊन त्यानं स्वतःचं गॅरेज थाटलं. ‘धैर्यशील मोटर्स’. पिवळी अक्षरं एवढी मोठी, की एसटी स्टँडवरून वाचता यावीत. दर ईदला तो शिरखुर्मा खायला उस्तादांकडे यायचा, पण सहा वर्षांत एकही गाडी घेऊन आला नव्हता. त्याची त्याला भारी मिजास होती, आणि का नसावी? आसपासच्या चार तालुक्यांत त्याच्या हाताला तोड नव्हती.

आज मात्र आला होता. सरनोबत डॉक्टरीणबाईंची जुनी डिझेल गाडी घेऊन. ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर गाडी आपली आपण बदलते.

“तक्रार काय?” उस्तादांनी विचारलं.

“पिकअप न्हाय. गेल्या आठवड्यात बाई घाटात ट्रकच्या पुढं जायला गेल्या. समोरनं टँकर. पाय दाबला तर गाडी जागच्या जागी दम खात बसली. थोडक्यात वाचल्या.”

“मग?”

“मग काय... तिसऱ्यांदा माझ्याकडं आली. आज सकाळी चौकात पाच मिस्त्री उभे. एकानं दात काढले. मी म्हटलं, आज सांजच्याला ही गाडी घाट पळत चढली न्हाय, तर बोर्ड उतरवतो.”

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“बोललास खरं?”

“बोललो.”

उस्तादांनी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले.

“आणि पिकअपच्या कामात मला कोण शिकवणार, उस्ताद? यंदा तर पिकअपच्या तक्रारीच्या गाड्यांची रीघ लागलीय माझ्याकडं. सगळी जुनी गिऱ्हाईकं परत येतात. दुसऱ्याकडं जातच न्हाईत.”

हे सांगताना त्याची मान आपोआप ताठ झाली. बोर्ड उतरवायची वेळ दारात आली होती, तरी मान ताठच.

उस्ताद उठले. गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. धैर्यशीलला ते जरा लागलं. चार दिवस खपून केलेलं काम होतं ते. निदान बघावं तरी.

“इंजिन गरजतंय?”

“गॅरेजात उभं करून हातानं केबल ओढली, की वाघागत गरजतंय. रस्त्यावर नेलं, की शेळी.”

“बरं. ही गाडी उसळी कधी मारते?”

धैर्यशील हसला. हा प्रश्न त्याला पहिल्या वर्षी विचारायचे.

“पेडल पार तळाला टेकलं, की. मग गाडी आपणहून एक गिअर खाली उतरते आणि सुटते. तुम्हीच शिकवलंय.”

“मग टेकव.”

“टेकवतोय की.”

“कशानं?”

“पायानं. अजून कशानं?”

उस्तादांनी त्याच्या पायांकडं पाहिलं. मग कितीतरी वेळ पाहतच राहिले. जाड तळव्याचे, लोखंडी टोकाचे काळे बूट. धैर्यशील मोटर्समध्ये सगळ्या मिस्त्र्यांना सारखेच, आणि त्याचाही त्याला अभिमान.

“पाय कुठं दिसतोय मला?”

आत्ता धैर्यशीलला आठवलं, आणि त्याचे कान गरम झाले.

या गॅरेजची एक रीत होती. गाडीची ट्रायल घ्यायची तर अनवाणी घ्यायची. दाराशी गोणपाट अंथरलेलं असे, चप्पल तिथं काढायची, पाय पुसायचे, मगच गाडीत बसायचं. बाकीचे मिस्त्री हसायचे. देवळात निघालास का रे, म्हणायचे. तरण्या धैर्यशीलला त्या हसण्याची इतकी लाज वाटायची, की स्वतःचं गॅरेज उघडलं त्या दिवशी त्यानं सगळ्यांत आधी बूट घेतले होते.

“उस्ताद, आता काय लहान हाय का मी...”

उस्तादांनी गोणपाटाकडं बोट केलं.

चौकातले पाच मिस्त्री इथं नव्हते, हे नशीब. धैर्यशीलनं बूट काढले, मोजे काढले, पाय पुसले. चार तालुक्यांत नाव असलेला माणूस अनवाणी गाडीत बसला आणि घाटाकडं निघाला.

पहिल्या वळणापुढं सरळ चढ लागतो. पुढं खडीचा ट्रक रांगत होता. समोर रस्ता मोकळा. धैर्यशीलनं पेडल दाबलं.

पेडल गेलं, गेलं... आणि थांबलं.

थांबलं ते लोखंडावर नाही. मऊ कशावर तरी. पायाच्या बोटांना खाली लव लागत होती.

त्यानं पुन्हा दाबलं. खालून काहीतरी पाय परत ढकलत होतं, उशी ढकलते तसं. बुटातल्या पायाला हे चार दिवस कधी कळलंच नव्हतं. त्याला वाटायचं, हाच तळ.

त्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि वाकला.

पेडलखाली मॅट होती. दोन बोटं जाड, लवदार, कंपनीच्या मॅटवर अंथरलेली. तिच्यावर पिवळ्या अक्षरांत...

ती अक्षरं वाचायची त्याला गरज नव्हती. डिझाइन त्याचंच होतं.

त्यानं मॅट ओढून काढली आणि मागच्या सीटवर टाकली. हँडब्रेक सोडला, ट्रकच्या मागं लागला आणि पुन्हा पेडल दाबलं. या वेळी ते तळाला टेकलं, खाली टक असं झालं, आणि गाडीनं अशी उसळी मारली, की त्याचं डोकं मागं सीटला आपटलं. खडीचा ट्रक कधी मागं पडला, कळलंही नाही. दुसरं वळण, तिसरं वळण, घाटमाथा. वरच्या देवीच्या पारापाशी पोचेपर्यंत धैर्यशील एकटाच हसत होता. जिंकलो म्हणाला. बोर्ड वाचला.

मग गाडी वळवताना आरशात मागची सीट दिसली. हसू तिथंच विरलं. उतारभर तो ती पिवळी अक्षरं आरशात बघत आला.

उस्ताद टायरवरच बसले होते. धैर्यशील मॅट काखेत मारून समोर उभा राहिला. उस्तादांनी ती घेतली, मांडीवर पसरली, तळव्यानं लव दाबून पाहिली.

“चांगली हाय,” ते म्हणाले. “भारीतली दिसते.”

“मुद्दाम करून घेतलीय. गिऱ्हाईक गाडीत बसलं, की रोज नाव दिसावं म्हणून.”

“किती गाड्यांत घातलीस?”

“सर्व्हिसिंगला देतो. भेट.”

“कुणाकुणाला?”

“...सगळ्यांना.”

“कधीपासनं?”

“गेल्या दिवाळीपासनं.”

उस्तादांनी मॅटची घडी घातली. सावकाश, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

“आणि पिकअपच्या गाड्यांची रीघ...”

“यंदापासनं,” धैर्यशील म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही.

घाटातून एक ट्रक उतरत गेला. धैर्यशीलच्या डोळ्यांपुढं टँकर येत होता. सरनोबत बाईंच्या समोर आलेला. पण आता गाडीत बाई नव्हत्या. कधी पाटील गुरुजी होते, कधी बँकेतले कुलकर्णी, कधी चार लेकरं मागं बसवलेली शेजारची वहिनी. सगळे पाय दाबत होते, आणि सगळ्यांच्या पायाखाली त्याचं नाव होतं.

“गाडी चढली न्हवं?” उस्ताद म्हणाले. “मग शब्द राहिला तुझा.”

“न्हाय राहिला.”

“चौकात कुणाला कळायचं न्हाय.”

“मला कळलंय की.” त्यानं मान खाली घातली. अनवाणी पायांकडं बघतच म्हणाला, “आज सांजच्याला बोर्ड उतरवतो, उस्ताद.”

उस्ताद उठले. दारापर्यंत गेले, गोणपाटावरचे ते जड बूट एकेक करून उचलले, आणि सत्तरीतला तो माणूस वाकून शिष्याच्या पायांपाशी ते ठेवू लागला. धैर्यशील चटकन मागं सरला.

“वरचा बोर्ड राहू दे,” उस्ताद म्हणाले. “पायांखालचे तेवढे गोळा करून आण.”